सर्वांत लहान आकडा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तासगावच्या पेठेतून एक फेरी मारायची, असा माझा परिपाठ आहे. लहानपणी वडिलांचे बोट धरून जात असे. आता मुले मला ओढून नेतात. त्या वेळी अडत्यांच्या गादीवर लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या मांडलेल्या असत. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी लाह्या-बत्तासे. अलीकडे या देखाव्यात थोडा फरक पडला आहे. बेदाण्याच्या दुकानांतून आता वहीच्या शेजारी, आणि कोठे कोठे वहीच्या जागीच, संगणक मांडतात. पडद्याच्या कडेला कुंकवाचे बोट उमटते, कीबोर्डावर झेंडूचे फूल पडते, आणि आरती आटोपली की फटीत अडकलेल्या पाकळ्या काढण्यासाठी यजमान तो कीबोर्ड उपडा करून मोठ्या काळजीने हलवीत बसतात.

पुष्कळांना याचे हसू येते. मला येत नाही. त्या पडद्यावर जे उभे-आडवे रकाने दिसतात ते आपल्या रोजकीर्द-खतावणीचेच वंशज आहेत. मग मान पणजोबांना द्यायचा आणि पणतूला द्यायचा नाही, हे कसे? शिवाय त्या रकान्यांनी मला एका दिवाळीत माझ्याच घरच्या इतिहासातला एक धडा शिकवला आहे. धडा निघाला तो अगदी क्षुल्लक प्रश्नातून. आकड्यांच्या लांबलचक यादीतून सर्वांत लहान आकडा कसा शोधावा, एवढाच तो प्रश्न.

झाले असे, की १९७२ च्या दुष्काळावर एक कादंबरी लिहावी असे माझ्या मनात बरीच वर्षे घोळत होते. मी त्या दुष्काळानंतर जन्मलेला माणूस. ऐकीव गोष्टींवर पन्नास पाने होतात, पण एक्कावन्नाव्या पानावर लेखणी अडते. अशा अडलेल्या अवस्थेत दिवाळीची साफसफाई चालू असताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि तिच्यात आजोबांची पंचांगे सापडली. सुतळीने बांधलेली, कडा वाळवीने खाल्लेली, सव्वीस वर्षांची पंचांगे!

आजोबांना घरात सारे आबा म्हणत. त्यांची शाळा दुसरीतच सुटली होती. पण मळ्यातल्या विहिरीचे पाणी मोजून लिहून ठेवण्याची त्यांना विलक्षण हौस होती. दर अमावास्येला ते एक दोर घेऊन विहिरीवर जात. दोराला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या आणि टोकाला दगड बांधलेला. दगड तळाला टेकला की दोर वर ओढायचा आणि ओल्या झालेल्या गाठी मोजायच्या. जितक्या गाठी ओल्या तितके हात पाणी. घरी येऊन पंचांगात त्या तिथीसमोर आकडा टाकायचा. आश्विनातली अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन; पण त्या दिवशीही आधी विहीर आणि मग पूजा, असा त्यांचा क्रम होता. आजी चिडायची म्हणे. त्यावर आबांचे उत्तर ठरलेले, "लक्ष्मी किती हात खोल आहे ते बघून येतो, मग तिची पूजा करू."

पहिली नोंद १९५८ च्या लक्ष्मीपूजनाची, शेवटची १९८४ च्या भाद्रपद अमावास्येची. त्यानंतर आबा फार दिवस राहिले नाहीत. अधिकमास धरून तीनशे एकवीस अमावास्या होतात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. एवढे आकडे पाहिले की मला घाम फुटतो. म्हणून आमच्या शाळेत नववीत शिकणाऱ्या एका मुलीला मी शरण गेलो. तिने दोन दुपारी बसून सारे आकडे शाळेच्या संगणकात भरले. 'ए' या रकान्यात तिथी, 'बी' या रकान्यात पाणी. पहिल्या ओळीत मथळा, म्हणून आकडे दुसऱ्या ओळीपासून तीनशे बाविसाव्या ओळीपर्यंत.

संगणकावरच्या या कोष्टकाला स्प्रेडशीट म्हणतात आणि त्याचा जन्म एका वर्गात झाला, हे आम्हा शाळामास्तरांनी अभिमानाने सांगण्यासारखे आहे. १९७८ साली अमेरिकेत हार्वर्डच्या व्यापारशिक्षणाच्या विद्यालयात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर मोठे कोष्टक मांडीत. मध्येच एखादी चूक ध्यानात आली की एक आकडा पुसावा लागे, आणि तो पुसला की त्याच्या आधाराने काढलेले पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. खडूची भुकटी अंगावर घेण्यात आमचे आयुष्य गेले, तरी आम्हाला यात काही वावगे दिसले नाही. ब्रिकलिनला दिसले. एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलतील असा फळा का नसावा, असे त्याच्या मनात आले. बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने त्याने तसा फळा तयार केला, आणि १९७९ साली 'व्हिजिकॅल्क' या नावाने तो ॲपल-दोन या संगणकासाठी बाजारात आला. पुढे १९८३ साली 'लोटस वन-टू-थ्री' निघाले, १९८५ साली मायक्रोसॉफ्टचे 'एक्सेल' निघाले, आणि आज तो फळा आमच्या अडत्यांच्या गादीवर बसून कुंकू लावून घेत आहे.

बेरीज, सरासरी, सर्वांत मोठा आकडा आणि सर्वांत लहान आकडा, एवढी कामे करण्याची सोय व्हिजिकॅल्कमध्ये आरंभापासूनच होती. या तयार सोयींना फंक्शन म्हणतात. सर्वांत लहान आकडा काढणाऱ्या फंक्शनचे नाव 'मिन'. किमान या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते पहिले अक्षरत्रय. पण आपला 'किमान' आणि त्यांचा 'मिन' यांचे कान किती जुळतात पाहा! यंत्राला रोमन अक्षरे लागतात, मी येथे आपल्या लिपीत लिहितो. एका मोकळ्या चौकटीत बरोबरचे चिन्ह काढून पुढे 'मिन' लिहावे आणि कंसात 'बी२:बी३२२' असे लिहून ती कळ दाबावी. पापणी लवण्याच्या आत उत्तर येते.

यंत्र हे कसे करते, असे मी त्या मुलीला विचारले. तिने जे सांगितले ते मला कवायतीच्या तासासारखे वाटले. रांगेतला सर्वांत बुटका मुलगा काढायचा आहे. पहिल्याला हाताशी धरावे. दुसरा त्याच्याहून बुटका असेल तर पहिल्याला सोडून दुसऱ्याला धरावे, नसेल तर पुढे जावे. असे शेवटपर्यंत गेले की हाताशी राहील तो सर्वांत बुटका. शंभर मुलांसाठी नव्याण्णव वेळा तुलना करायची. यात कोणतीही जादू नाही. जादू असलीच तर एवढीच, की यंत्र कंटाळत नाही आणि पन्नासाव्या मुलाशी गप्पा मारीत उभे राहत नाही.

तिने कळ दाबली. उत्तर आले : २. तिथी शोधली तेव्हा ती १९६६ च्या वैशाखातली निघाली. सव्वीस वर्षांत विहिरीचे पाणी कमीत कमी दोन हातांवर आले होते, असे यंत्राचे म्हणणे.

मी गप्प झालो. हे उत्तर खरे असेल, तर आमच्या घरी लहानपणापासून जे ऐकले ते सारे खोटे ठरत होते. १९७३ च्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरल्याची गोष्ट मी आईच्या तोंडून शंभर वेळा ऐकली होती. पुढे वाटीलाही काही लागेना, तेव्हा बैलजोडी विकली, हेही ऐकले होते. दोन हात पाणी असताना कोणी बैल विकतो काय? की माणसे दुःखसुद्धा वाढवून सांगतात? कादंबरीकाराला असा संशय यायला वेळ लागत नाही, कारण त्याचा स्वतःचा धंदा तोच असतो.

रात्री घरी येऊन मी पंचांगेच उघडली. शके १८९४, माघ अमावास्या. तिच्यासमोर आकडा नव्हता. आबांच्या वाकड्या अक्षरात एक शब्द होता : 'कोरडी'. फाल्गुनात 'कोरडी'. पुढच्या पंचांगात चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, तीनही अमावास्यांना 'कोरडी'. म्हणजे त्या पाचही अमावास्यांना आबा दोर घेऊन गेले होते. दगड तळाला टेकला होता आणि वर आलेल्या दोराची एकही गाठ ओली नव्हती. त्यांनी शून्य काढले नाही. दुसरीपर्यंत शिकलेल्या माणसाला शून्य येत नव्हते असे नव्हे. दहा हात पाण्यातले शून्य ते नीट काढीत. पण समोर जे दिसले त्याला शून्य हा आकडा त्यांना पुरेसा वाटला नसावा.

आणि यंत्राने काय केले? मुलीने 'कोरडी' हा शब्द इमानाने जसाच्या तसा भरला होता. परंतु 'मिन' फक्त आकडे पाहते. चौकटीत शब्द असेल तर ती चौकट ओलांडून ते पुढे जाते. त्यामुळे सव्वीस वर्षांतले सर्वांत भयंकर पाच महिने त्याच्या हिशेबात आलेच नव्हते. ते खोटे बोलले नाही. जे त्याला वाचता येत होते त्यातले सर्वांत लहान त्याने दाखवले. दोष असेल तर तो यादी पुढे सरकवून उत्तरावर बोट ठेवणाऱ्या माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला चूक सांगितली. हुशार पोर, तिने दुपारपर्यंत दुरुस्ती करून आणली. आता 'मिन'चे उत्तर शून्य आले होते. मला समाधान वाटले. पण शून्य किती ठिकाणी आहेत म्हणून पाहिले, तो ती एकोणीस!

"कोरडी पाच वेळा होती. बाकीची चौदा कोठून आली?"

"सर, मोकळ्या चौकटी होत्या, तिथंही शून्य भरलं."

"का?"

"मोकळं बरं दिसत नाही, सर."

मोकळे बरे दिसत नाही! किती दप्तरे, किती तक्ते, किती अहवाल या एका वाक्याने बिघडले असतील! त्या चौदा चौकटी मोकळ्या होत्या, कारण काही पाने वाळवीने खाल्ली होती आणि काही अमावास्यांना आबा तापाने पडून होते. आणि एक चौकट होती १९६९ च्या कार्तिकातली. त्या महिन्यात आमची आजी गेली. कार्तिकात विहिरीला पाणी भरपूर असते. त्या अमावास्येला दोर सोडायला आबांचा हात उठला नसेल, एवढेच. तेथे शून्य भरणे म्हणजे आजीच्या मृत्यूने विहीर आटली, असे लिहिण्यासारखे होते. काव्यात ते चालेल, हिशेबात चालणार नाही.

गणिताचे मास्तर पेपर तपासताना शेरा मारतात, 'उत्तर बरोबर, रीत चूक'. आमचे तसेच झाले होते. शून्य हे उत्तर खरे होते, पण ते ज्या कागदावरून आले तो कागद चौदा ठिकाणी खोटा झाला होता.

शून्य आणि मोकळी जागा यांतला भेद आपल्या देशाला नवा नाही. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यात शून्य मिळवले तर काय होते, वजा केले तर काय होते, याचे नियम दिले आहेत. म्हणजे 'काही नाही' यालाही त्याने आकड्यांच्या पंगतीत पाट मांडून दिला. मोकळी जागा म्हणजे मात्र पाटच मांडलेला नाही. पाहुणा आला की नाही हेही ठाऊक नाही. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना तर हा भेद पदोपदी सांभाळावा लागतो. आमच्या शेजारच्या मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे लावून छापीत राहिले. एखाद्या महिन्याचे पत्र सापडत नाही म्हणून त्या महिन्यात परशुरामभाऊ स्वस्थ बसले होते, असे म्हणता येत नाही. पत्र वाळवीने खाल्ले असेल, नाहीतर लिहिणारा घोड्यावर असेल.

यंत्राला हा भेद काही अंशी कळतो. मोकळी चौकट दिसली तर 'मिन' तिला शून्य मानीत नाही, सोडून देते. पण सबंध रकानाच मोकळा दिला, एकही आकडा दिला नाही, तर मात्र ते खुशाल शून्य असे उत्तर देते. त्याचे एक भावंड आहे, 'मिना' नावाचे. ते शब्दाला शून्य समजते. आम्हाला वाटले, आता काम झाले, 'कोरडी'चे शून्य होईल. तसे ते झालेही. पण कोणी 'पान फाटले' असा शब्द लिहिला असता, तर 'मिना'ने त्याचेही शून्यच केले असते. थोडक्यात, ज्याने दोर विहिरीत सोडला त्याच्याइतके शहाणपण कोणत्याच फंक्शनमध्ये नाही.

शेवटी आम्ही रीत बदलली. पाण्याच्या रकान्यात फक्त आकडे ठेवले. पाच 'कोरडी'च्या जागी शून्य लिहिले, चौदा चौकटी मोकळ्या राहू दिल्या, आणि शेजारी 'सी' हा नवा रकाना काढून त्यात आबांचे शब्द जसेच्या तसे उतरवले. मग मुलीने 'काउंट' हे फंक्शन चालवले. किती चौकटींत आकडे आहेत ते त्याने कळते. उत्तर आले तीनशे सात. तीनशे सात आणि चौदा, तीनशे एकवीस, हिशेब जुळला. हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर तीनशे दोन असे उत्तर आले असते, आणि पाच महिने कोठे गेले हे त्याच वेळी उमगले असते. सर्वांत लहान आकडा कोणता, हे विचारण्याआधी तो कितीजणांतून निवडला, हे विचारावे, एवढे मी त्या दिवशी शिकलो.

पण कादंबरीसाठी मी जे शोधत होतो ते मला आणखी मागे घेऊन गेले. सर्वांत लहान आकडा कोणता, हा प्रश्न आमच्या मुलखाला माझ्या शंभर वर्षे आधी एकदा विचारला गेला होता, आणि तो विचारणाऱ्याच्या हातात सरकारी खजिन्याची किल्ली होती.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आमचा जिल्हा फार पुढे, १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावाने झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. त्या जुन्या सातारा जिल्ह्याची रचनाच अशी, की पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर, जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. आणि पूर्वेला आमचा पट्टा, जेथे चांगल्या वर्षी पाचशे-सहाशेच्या आसपास पडतो. या दोन्ही ठिकाणच्या आकड्यांची सरासरी काढली तर ती अडीच हजारांच्या वर जाते आणि कागदावर तासगावला पूर येतो. सरासरीला डोंगर आणि माळ यांतला फरक दिसत नाही. दुष्काळ कोठे पडला हे पाहायचे असेल तर रकान्यातला लहानांत लहान आकडाच पाहावा लागतो.

त्या दुष्काळात हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना १८७७ च्या जानेवारीत पाहणीसाठी धाडले. या गृहस्थांनी तीन वर्षांपूर्वी, १८७४ साली, बिहारच्या दुष्काळात बाहेरून तांदूळ आणून पुष्कळ जीव वाचवले होते, आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका घेतला होता. पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. या खेपेस त्यांनी कमीत कमी खर्चाचा मार्ग धरला. दिवसभर उन्हात काम करणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. स्त्रियांना व मुलांना त्याहून कमी. ही 'टेंपल मजुरी' म्हणून कुप्रसिद्ध झाली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हरकत घेतली, की कष्ट करणाऱ्या माणसाला निदान दीड पौंड धान्य आणि शिवाय भाजी-डाळ हवी. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या दरावर काम करण्याचे नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. मद्रासेत मार्चमध्ये धान्य सव्वा पौंड झाले आणि थोडी डाळ मिळू लागली. पण तोवर फार उशीर झाला होता. त्या दोन वर्षांत दक्षिणेत पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे.

टेंपलसाहेबांचा प्रश्नही किमान आकड्याचाच होता. फरक एवढाच, की आबांनी तो विहिरीच्या तळाशी शोधला आणि साहेबांनी तो खजिन्याच्या बाजूने ठरवला. काय आहे ते मोजण्याऐवजी किती कमी दिले तर चालेल, असे विचारले की रकान्याच्या खाली माणूस उभा आहे, याचा विसर पडतो.

आता या गोष्टीचा उत्तरार्ध पाहा. तो आमच्याच तालुक्यात घडला. तासगाव तालुक्यातील विसापूर हे गाव आणि वि. स. पागे हे नाव ही जोडी महाराष्ट्राला माहीत असायला हवी. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. सभागृहात शास्त्री-पंडितांच्या थाटात बसणाऱ्या या माणसाच्या डोक्यात एक साधा विचार होता. गरीब कोण आहे याची यादी वरून करू नये. जो अंगमेहनतीचे काम मागायला येईल त्याला ते द्यावे. या विचाराचा प्रयोग त्यांनी आपल्या तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात करून पाहिला. पुढे १९७२ च्या दुष्काळात राज्याने रोजगार हमीची योजना हाती घेतली. 'मागेल त्याला काम' हे तिचे बोधवाक्य. १९७७ साली तिचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आणि २००५ साली संसदेने सबंध देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. विसापूरच्या माळावरचा विचार दिल्लीपर्यंत गेला.

मला या योजनेत आमच्या कोष्टकाच्या दृष्टीने एक मौज दिसते. 'मिन' एकेका चौकटीत डोकावत जाते, आणि चौकटीत आकडा नसेल तर तिला ओलांडून जाते. सरकारी याद्यांचेही तसेच असते. ज्याची नोंद नाही तो सर्वांत गरीब असूनही हिशेबात येत नाही. पाग्यांनी शोधण्याची दिशाच उलटी केली. सर्वांत लहान आकड्याला त्यांनी स्वतःच हात वर करायला सांगितले. मोकळी चौकट कामाच्या ठिकाणी येऊन उभी राहिली आणि तिचे नाव हजेरीपटावर चढले.

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. शंभर वर्षांपूर्वी जवळजवळ तेवढीच माणसे मेली होती. या खेपेस तेवढी कामावर होती. हाल झाले, गुरे गेली, माणसे खंगली, हे सारे खरे. पण खडी फोडून, पाझर तलावांची माती वाहून, मिलो ज्वारीची लाल भाकर आणि सुकडी खाऊन त्यांनी ते वर्ष काढले. त्या पन्नास लाखांत आमचे आबा एक होते. माघापासून ज्येष्ठापर्यंत ते खडी फोडायला जात. आता मला कळते, की तेथून आल्यावरसुद्धा दर अमावास्येला ते दोर घेऊन विहिरीवर गेले. कोरडी आहे हे ठाऊक असताना गेले. न जाता लिहिले असते तरी कोणी विचारणार नव्हते. पण मग ती चौकट भरलेली दिसली असती, मोजलेली नसती.

कादंबरीचे एक्कावन्नावे पान मी तेथूनच लिहायला घेतले.

आता आमच्या भागात कृष्णेचे पाणी उपसा योजनांतून चढून येते. द्राक्षबागा झाल्या, बेदाणा झाला, पेठेत संगणक आले. आमच्या विहिरीलाही पाझर लागतो. ती पंचांगे लावून झाली त्या वर्षापासून मी आबांचा परिपाठ पुन्हा सुरू केला आहे. जुना दोर कुजला होता; नव्या दोराला मी आणि धाकट्याने मिळून गाठी मारल्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेठेत जाण्याआधी आम्ही सारे विहिरीवर जातो. ओल्या गाठी मुले मोठमोठ्याने मोजतात आणि थोरली तो आकडा कोष्टकात भरते.

पहिल्या वर्षी आकडा भरून झाल्यावर ती यादी वर-खाली फिरवीत राहिली. १९८४ च्या भाद्रपदानंतर आमच्या आकड्यापर्यंत शेकडो चौकटी मोकळ्या होत्या.

"बाबा, एवढ्या सगळ्या अशाच ठेवायच्या?"

"ठेव," मी म्हणालो. "त्या वेळी कोणी मोजलं नाही, हीसुद्धा नोंदच आहे."

तिने कळ दाबून कागद जपून ठेवला. दोर पिळून आम्ही खुंटीला अडकवला आणि पेठेची वाट धरली.